कायद्यात आलेले, गणतीत न आलेले मांजर

१० मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' राजपत्रात प्रसिद्ध केले. ज्या नियमांची जागा त्यांनी घेतली ते डिसेंबर २००१ चे होते आणि त्यांच्या नावात एक कंस होता. कंसात एकच शब्द होता, 'कुत्रे'. नव्या नावातून तो कंस गेला. कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या, वस्तीतच जन्मलेल्या प्राण्यांना आता 'सामुदायिक प्राणी' असे नाव मिळाले असून त्यांत कुत्र्याबरोबर मांजरही आले. इजा न करता पकडावे, नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच परत सोडावे, ही कुत्र्यांसाठी ठरलेली रीत मांजरालाही लागू झाली.

या बदलाची फारशी चर्चा झाली नाही. २०२५ मध्ये मोकाट कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला तेव्हाही मांजराचे नाव क्वचितच निघाले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर परत सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हटवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. चार महिन्यांत देशाने मारणे, हलवणे, कोंडणे आणि परत सोडणे या चारही उपायांवर पुन्हा एकदा वाद घातला. हे चारही उपाय भारतात आधी करून झालेले आहेत. त्यांचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे आणि तो वाचल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या प्रश्नात करुणेचा आवाज नेहमी होता, दंडुक्याचाही होता, पण निर्णय बदलला तो बहुतेक वेळा कोणीतरी बसून मोजणी केल्यावरच. मांजराच्या बाबतीत ती मोजणी अजून व्हायची आहे.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १८१३ च्या एका हुकुमान्वये वर्षातील ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा मुंबईच्या पोलिसांना होती. १८३२ मध्ये उन्हाळ्यातील ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. इनाम लागले की मोकाट आणि पाळीव हा भेद पुसट होतो, आणि झालेही तसेच. ६ जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, संतप्त जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना गाठले. दुसऱ्या दिवशी किल्ल्यातील बाजार बंद राहिला, लष्कराकडे जाणारा पुरवठा अडला, इतर समाजांतील लोकही त्यात सामील झाले. दंगल मोडून काढण्यात आली, पण तिचा परिणाम राहिला. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याचा तोडगा पुढे आला आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. ही घटना भूतदयेचा विजय म्हणून सांगितली जाते आणि ते खरेही आहे. मात्र शहरात कुत्री किती, त्यांतली किती मारली तर उरलेली कमी होतात, किती हलवली तर रिकाम्या जागी नवी येतात, हे प्रश्न त्या वेळी कोणाच्याच मनात नव्हते.

मांजराची गोष्ट याहून निराळी. कुत्र्याचा काटा काढण्यासाठी सरकार इनाम देत होते, तर मांजराला एक काळ सरकारी डॉक्टरांनीच शिफारसपत्र दिले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसूमार्फत प्लेग पसरतो असे प्रयोगाने दाखवले. पुढे प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत तेच पक्के केले. मग उंदीर कमी कसे करायचे, हा प्रश्न उभा राहिला. वऱ्हाडात, अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी सापळे आणि विषाच्या जोडीला एक जुनाच उपाय सुचवला, घरोघरी मांजर. तो सुचवून ते थांबले नाहीत. गावोगाव किती घरांत मांजर आहे याची त्यांनी नोंद करविली, ती प्लेगच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि मांजरे भरपूर असलेल्या गावांना प्लेगची झळ कमी लागते असा निष्कर्ष १९०८ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत मांडला.

आजच्या विद्यार्थ्याला यातील कच्चे दुवे लगेच दिसतील. ज्या गावात मांजरे जास्त त्या गावात धान्याची साठवण, घरांची बांधणी, वस्तीची दाटी याही गोष्टी वेगळ्या असू शकतात. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि क्वचित ते माणसालाही देते, हे अमेरिकेतील रुग्णांवरून पुढे सिद्ध झाले. तरीही ब्यूकॅनन यांच्या कामाबद्दल मला आदर वाटतो. भारतात मांजराकडे लोकसंख्या म्हणून पाहणारा, घरांच्या प्रमाणात त्याची नोंद करणारा इतका जुना दुसरा प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही.

विसाव्या शतकात कुत्र्यांच्या बाबतीत मारण्याचेच धोरण राहिले आणि त्याचे कारण समजून घ्यायला हवे, कारण ते केवळ क्रौर्य नव्हते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. भारतातील पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौलीला सुरू झाली. तिथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. जुन्या पिढीच्या आठवणीतली पोटातली चौदा इंजेक्शने ती हीच. लस वेदनादायक होती आणि मेंदूच्या पेशींपासून बनलेली असल्याने काहींना तिच्यामुळेच पक्षाघात होई. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. माणसावरचा इलाज इतका अवघड असताना रोगाचे मूळ रस्त्यावरच संपवावे असे नगरपालिकांना वाटणे स्वाभाविक होते. चूक होती ती या समजुतीत की मारल्याने मूळ संपते.

ही समजूत मोडली ती मद्रासमध्ये. तिथल्या महापालिकेने १८६० पासून कुत्री पकडून मारण्याचे काम चालवले होते. वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेने साठच्या दशकात महापालिकेला नसबंदीचा पर्याय सुचवला. सुंदरम यांचे चिरंजीव आणि पेशाने अभियंता असलेले चिन्नी कृष्णा यांनी महापालिकेच्या जुन्या नोंदी काढल्या तेव्हा त्यांना एक विचित्र आलेख दिसला. मारलेल्या कुत्र्यांची संख्या दशकानुदशके चढत गेली होती आणि नव्वदच्या दशकात ती ब्लू क्रॉसच्या सांगण्याप्रमाणे दिवसाला १३५ पर्यंत पोहोचली होती. सव्वाशे वर्षे मारूनही मारायची कुत्री वाढतच असतील, तर उपाय लागू पडत नाही हे उघड होते. या पर्यायाला त्यांनी 'अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल' असे नाव दिले. त्याची आद्याक्षरे 'एबीसी' होतात, आणि हे काम मुळाक्षरांइतके सोपे आहे असे सुचवणे हा त्यामागचा हेतू होता. महापालिका राजी व्हायला तीस वर्षे लागली. १९९५ मध्ये दक्षिण मद्रासपासून सुरुवात झाली. मुळाक्षरे शिकायला इतका वेळ लागलेला विद्यार्थी विरळाच!

दरम्यान दिल्लीत कायद्याची चौकट उभी राहिली होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत सातत्याने प्रयत्न केल्यावर १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९६२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली भारतीय पशु कल्याण मंडळ स्थापन झाले. विज्ञानाच्या बाजूने निर्णायक वजन पडले ते जागतिक आरोग्य संघटनेचे. कुत्र्यांच्या लोकसंख्येच्या व्यवस्थापनाविषयी तिची मार्गदर्शक पुस्तिका १९९० मध्ये निघाली आणि १९९२ मध्ये तिच्या रेबीज तज्ज्ञ समितीने नोंदवले की, केवळ कुत्री काढून टाकल्याने त्यांची घनता किंवा रेबीजचा प्रसार लक्षणीयरीत्या घटल्याचा पुरावा कुठेही नाही. जयपूरमध्ये 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने १९९४ च्या अखेरीस काम सुरू केले. आठ वर्षांत जवळपास २५ हजार कुत्र्यांवर शस्त्रक्रिया व लसीकरण झाले. सुमारे ६५ टक्के माद्यांची नसबंदी झाली, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि कार्यक्षेत्रात माणसांचे रेबीजचे मृत्यू शून्यावर आले. शहराच्या बाकीच्या भागांत मात्र ते वाढले. ही तुलना, म्हणजे जिथे काम झाले तो भाग आणि जिथे झाले नाही तो भाग, एकाच शहरात उपलब्ध झाली हे जयपूरच्या अभ्यासाचे खरे मोल.

या पार्श्वभूमीवर २४ डिसेंबर २००१ रोजी कुत्र्यांसाठीचे नियम आले. त्या वेळी दैवाने मोठीच प्रतिकूलता दाखवली होती, हे इथे सांगितले पाहिजे. नव्वदच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नष्ट झाली आणि त्याचे कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध असल्याचे २००४ मध्ये उघड झाले. गिधाडे खात असत ती मृत गुरे आता कुत्र्यांना मिळू लागली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने यामुळे देशात कुत्र्यांची संख्या किमान ५० लाखांनी वाढली असावी असा अंदाज केला. नसबंदीचा कार्यक्रम देशाने हाती घेतला त्याच काळात अन्नाचा साठा असा वाढला होता. नसबंदी फसली असा निकाल देणाऱ्यांनी आणि ती सर्वत्र यशस्वी झाली म्हणणाऱ्यांनीही ही गोष्ट हिशेबात धरलेली सहसा दिसत नाही.

आणखी एक गल्लत आजही होते. नसबंदी आणि लसीकरण या एकाच दिवशी, एकाच टेबलावर होणाऱ्या गोष्टी असल्या तरी त्यांचे गणित वेगळे आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्यांमध्ये फार वेगाने पसरत नाही. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देते. म्हणून सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, की साखळी तुटते आणि परिणाम वर्षा-दोन वर्षांत दिसतो. गोव्याने हे करून दाखवले. मिशन रेबीज आणि राज्य सरकार यांच्या पथकांनी जाळीने कुत्री धरून, लस टोचून, मोबाइल फोनवर प्रत्येक गल्लीची नोंद ठेवत वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांपर्यंत मजल मारली. कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. या यशाचा मुख्य आधार लस होता. नसबंदीचा परिणाम मात्र संथ असतो. जोधपूरच्या अभ्यासात निरनिराळ्या भागांतील ६२ ते ८६ टक्के कुत्र्यांची नसबंदी झालेली होती, तरीही संख्या घटून स्थिर व्हायला १३ ते १८ वर्षे लागतील असे गणिती प्रारूपाने दाखवले. नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची असते.

एवढा अनुभव गाठीशी असताना मांजर कायद्यात आले. आता प्रश्न असा, की मांजर म्हणजे लहान कुत्रे आहे काय?

नाही. जीवशास्त्रच वेगळे आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. भाटीचे, म्हणजे मादी मांजराचे चक्र दिवसाच्या लांबीवर चालते. उत्तरेकडील थंड देशांत हिवाळ्यात ते थांबते. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्रीत फारसा फरक नसल्याने आपल्याकडे ते वर्षातील बराच काळ चालू राहू शकते. समागमामुळेच अंडमोचन होत असल्याने गर्भधारणेची संधी सहसा चुकत नाही. सुमारे नऊ आठवड्यांत तीन-चार पिल्ले होतात, ती अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते आणि पाच-सहा महिन्यांचे पिल्लूही वयात येते. मग गल्ल्या मांजरांनी भरून का जात नाहीत? कारण बहुतेक पिल्ले मरतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका अभ्यासात मोकाट मांजरांची ७५ टक्के पिल्ले सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. 'मांजर पिल्लांना सात घरे फिरवते' असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या सात घरांच्या वाटेवर किती उरतात हे मोजले तर कौतुक ओसरेल.

हा मृत्युदर नसबंदीच्या विचारात कळीचा ठरतो. गल्लीतील काही मांजरे मारली किंवा दूर नेऊन सोडली, की उरलेल्यांना अन्न आणि जागा अधिक मिळते, मरणारी पिल्ले जगतात आणि शेजारचे बोके त्या मोकळ्या हद्दीत शिरतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या जंगलात संशोधकांनी थोड्या प्रमाणात मांजरे मारून पाहिली. त्या काळात कॅमेऱ्यांत दिसणाऱ्या मांजरांची संख्या कमी होण्याऐवजी एका ठिकाणी ७५ टक्क्यांनी आणि दुसऱ्या ठिकाणी २११ टक्क्यांनी वाढली. मद्रासच्या महापालिकेला सव्वाशे वर्षांत जे कळले नाही ते इथे थोड्याच काळात दिसले. मोकाट मांजरे पकडून, नसबंदी करून, कानाला खूण करून परत सोडण्याची पद्धत ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात रुजली आणि नंतर अमेरिकेत पसरली, ती याच अनुभवातून. इटलीने तर १९९१ च्या कायद्याने मोकाट मांजरांच्या वस्त्यांना संरक्षण देऊन त्यांची नसबंदी सरकारी पशुवैद्यकांकडे सोपवली.

पण परत सोडण्याची पद्धत म्हणजे हमखास यश, असेही नव्हे. इस्रायलमधील रिशोन लेझियोन या शहरात बारा वर्षे चाललेला अभ्यास या विषयातला मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा पुरावा आहे. पहिली चार वर्षे नुसती मोजणी झाली. पुढची चार वर्षे शहराच्या निम्म्या विभागांत ७० टक्क्यांहून अधिक मांजरांची नसबंदी करण्यात आली. संख्या घटली नाही, कारण शेजारच्या विभागांतून नवी मांजरे येत राहिली. शेवटच्या चार वर्षांत सगळे शहर एकत्र घेतले तेव्हा कुठे मांजरे वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी कमी होऊ लागली. तिथेही निसर्गाने उलट उत्तर दिले. नसबंदी न झालेल्या माद्यांची जगणारी पिल्ले वाढली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ स्पष्ट आहे. विखुरलेल्या सोसायट्यांमध्ये, इथे पाच तिथे दहा, अशा शस्त्रक्रिया केल्या तर त्या त्या मांजराचे भले होते, शहराची संख्या हलत नाही.

त्या मांजराचे भले होते हेही काही कमी नाही. पकडण्याची कृती पाहिली तर ते लक्षात येते. मोकाट मांजर कुत्र्यासारखे जाळीने धरता येत नाही आणि हाताने धरू जाणाऱ्याला नखांचा व दातांचा प्रसाद मिळतो. म्हणून पेटीसारखा पिंजरा वापरतात. आतल्या टोकाला बोंबील किंवा मासळीचा तुकडा ठेवायचा. मांजर आतल्या पट्टीवर पाय ठेवते आणि मागचे दार पडते. त्याआधी काही दिवस ठरलेल्या वेळी तिथेच खाऊ घालून सवय लावलेली बरी, नाहीतर सर्वांत सावध भाटी शेवटपर्यंत हाती लागत नाही, आणि सर्वांत जास्त पिल्ले तीच घालते. दार पडल्याबरोबर पिंजऱ्यावर जाड कापड टाकायचे. अंधार झाला की धडपड थांबते. पिल्लांना दूध पाजणारी मादी असेल तर पोटाच्या मध्यावर छेद न देता कुशीवर देणे सोयीचे, म्हणजे टाके आचळांपासून दूर राहतात. तिला शक्य तितक्या लवकर जागेवर पोहोचवायचे असते, कारण कुठल्या तरी पायऱ्यांखाली तिची पिल्ले उपाशी असतात. भुलीत असतानाच कानाचे टोक सरळ कापतात. दुरून ओळखता येणारी ती एकमेव कायमची खूण. ती नसेल तर तेच मांजर पुन्हा पिंजऱ्यात येते आणि पोट उघडल्यावर कळते की काम आधीच झालेले आहे.

मग मांजर परत रस्त्यावर सोडावेच का, असा प्रश्न पक्षिअभ्यासक विचारतात आणि तो टाळता येत नाही. अमेरिकेत मांजरे वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला आणि त्यांतील बहुतांश वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता. नसबंदी झालेले मांजरही शिकार करतेच. भारतात शहरांच्या मध्यभागी ही चिंता बेताची असेल, पण अभयारण्यांच्या कडेला तशी नाही. तिथे मोकाट मांजरे पक्षी व लहान प्राणी मारतात, रानमांजरांना रोग देऊ शकतात आणि राजस्थान, कच्छच्या कोरड्या भागात वाळवंटी मांजराशी त्यांचा संकर होण्याची भीती आहे. शहरासाठी योग्य ठरलेला नियम जंगलाच्या सीमेवर तसाच लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

आरोग्याच्या बाजूनेही मांजराला कुत्र्याचे माप लावता येत नाही. मांजर रेबीजचे वाहक होऊ शकते, पण रोगाची साखळी मांजरांमध्येच स्वतंत्रपणे चालू राहत नाही. ती कुत्र्यांपासून येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे असतात आणि रेबीजने अंदाजे ५,७२६ माणसे मरतात. उरलेल्या चाव्यांत मांजराचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. केरळमध्ये २०२१ च्या आरंभी मांजराच्या चाव्यासाठी उपचार घेणारे कुत्र्याच्या चाव्यांपेक्षा अधिक आढळले होते. चावा लहान दिसतो म्हणून लस टाळणे हा यातला धोका. दुसरा रोग टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याच्या परजीवीचे लैंगिक चक्र फक्त मार्जारकुळातच पूर्ण होते आणि अंडपुटी मुख्यतः पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या कोवळ्या मांजरांच्या विष्ठेतून पडतात. गर्भवतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वस्तीत सतत नवी पिल्ले येत राहणे हे मोजक्या वयस्क, नसबंदी झालेल्या मांजरांपेक्षा अधिक जोखमीचे.

आता भारतातील आकड्यांकडे वळू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत सुमारे १.५३ कोटी मोकाट कुत्री मोजली गेली. त्या गणनेच्या यादीत गाय, म्हैस, मिथुन, याक, मेंढी, बकरी, डुक्कर, घोडा, तट्टू, खेचर, गाढव, उंट, कुत्रा, ससा, एवढेच काय हत्तीही आहे. मांजर नाही. मुंबईसारख्या काही महापालिकांनी २०२३ च्या आधीच संस्थांच्या मदतीने मांजरांची नसबंदी सुरू केली होती आणि आता इतरही करत आहेत. त्यांच्या अहवालांत एक आकडा ठळक असतो, या वर्षी इतक्या शस्त्रक्रिया झाल्या. पाचशे शस्त्रक्रिया ही सहाशे मांजरांच्या भागात मोठी कामगिरी आहे आणि सहा हजारांच्या भागात जवळजवळ काहीच नाही. भाजक ठाऊक नसताना भागाकार कसा करणार? ठेकेदाराचे बिल शस्त्रक्रियेवर निघते, टक्केवारीवर निघत नाही, आणि एका सलग भागातले शेवटचे तीस सावध मांजर पकडण्यापेक्षा नव्या भागातली पहिली तीस पकडणे कितीतरी सोपे आणि स्वस्त असते. रिशोन लेझियोनचा धडा नेमका याच्या उलट आहे.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. कापलेला कान ही खूण शस्त्रक्रियेपुरती नाही, ती गणतीलाही उपयोगी पडते. समजा एका वसाहतीत अलीकडेच ४० मांजरांची नसबंदी होऊन कान कापले गेले. त्यानंतर सलग दोन-तीन दिवस पहाटे, खाऊ घालण्याच्या वेळेआधी, ठरलेल्या मार्गाने फिरून दिसेल त्या प्रत्येक मांजराचे छायाचित्र घेतले आणि रंग-पट्ट्यांवरून पुन्हा पुन्हा दिसलेली वगळली, तर समजा ३० निरनिराळी मांजरे भरली. त्यांपैकी १२ जणांचे कान कापलेले आहेत. खूण झालेल्यांचे प्रमाण पाहणीत ३० पैकी १२, म्हणजे ४० टक्के. तेच प्रमाण सगळ्या वसाहतीत धरले, तर ४० मांजरे म्हणजे एकूणाचे ४० टक्के आणि एकूण मांजरे सुमारे १००. सत्तर टक्क्यांचा टप्पा गाठायला अजून तीस शस्त्रक्रिया हव्यात आणि त्या याच वसाहतीत व तिला लागून असलेल्या गल्ल्यांत हव्यात. पिंजऱ्याचा अनुभव घेतलेली मांजरे माणसे दिसताच लपत असतील तर एकूण आकडा खऱ्यापेक्षा फुगेल. मधल्या काळात खूण झालेली काही मेली असतील किंवा बाहेरून नवी आली असतील तरीही तो फुगेल. म्हणून पाहणी शस्त्रक्रियांनंतर फार उशिरा करू नये, आणि दर सहा महिन्यांनी त्याच मार्गाने, त्याच वेळी पुन्हा करावी.